समुद्र शंभर किलोमीटर लांब, मग आमच्या मसाल्याच्या पुडीचा काय संबंध?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की आईनं घरात सुरू केलेला कांदा-लसूण मसाला आता गोकुळ शिरगावच्या शेडमधनं निघतोय, २०० ग्रॅमचा पाऊच आणि १० रुपयांची पुडी हे दोन मेन आयटम, माल कोल्हापूर-सांगलीत आणि खाली कोकणात जातोय. आता एका मोठ्या दुकानांच्या चेननं विचारलंय की प्लास्टिकबद्दल तुम्ही काय करता ते लिहून द्या. आणि एक कन्सल्टंट म्हणतोय की वर्षाला इतके इतके पैसे भरा, मी प्लास्टिक रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट आणून देतो, पाऊचवर कासवाचं चित्र टाका, खाली 'समुद्रस्नेही' छापा, विषय संपला. तुमचं म्हणणं, समुद्र इथनं शंभर किलोमीटर, आमचा संबंध काय, सर्टिफिकेट पुरेसं आहे का, की सरळ कागदी पाऊच करून टाकावा.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या तोंडानं बोलतोय ते कळेल. २७ वर्षं या धंद्यात आहे. शिरोली एमआयडीसीत पहिली मशीन टाकली ती फिल्म फुगवायची, त्यावर पिशव्या काढल्या, पातळच, मार्केटला ज्या लागायच्या त्या. गांधीनगरला आणि लक्ष्मीपुरीला माल जायचा आणि संध्याकाळपर्यंत संपायचा. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर तुरुंगवास. तेव्हा पिशव्या बंद केल्या आणि उरलेल्या मशीनवर लॅमिनेशनचे (एकावर एक थर चिकटवलेले) पाऊच आणि शेजारी भंगार प्लास्टिक धुऊन, वितळवून त्याचा दाणा, म्हणजे परत वापरायचा कच्चा माल, काढायचं काम सुरू केलं. म्हणजे आधी घाण केली आणि मग तीच घाण किलोवर विकत घेऊन धुतली. दोन्हीकडचा हिशोब माहीत आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आता समुद्राचं. तुमचा कन्सल्टंट जे सांगतोय त्यात एक गंमत आहे जी त्याला बहुतेक माहीत नसावी. कोल्हापूरला समुद्र जवळ वाटतो कारण आपण शनिवार-रविवार गणपतीपुळ्याला नाहीतर मालवणला पळतो. पण आपली पंचगंगा त्या समुद्राकडं पाठ करून वाहते. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात, मग कोल्हापूर, इचलकरंजी करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि तिथनं पुढं आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, आणि शेवटी आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. कृष्णेची सगळी लांबी धरली तर सुमारे १४०० किलोमीटर. कोल्हापुरातल्या जयंती नाल्यात पडलेली तुमची पुडी अरबी समुद्रात जाणार नाही, गेलीच तर त्या बाजूला जाणार, आणि मधे एवढी धरणं आहेत की बहुतेक माल कुठंतरी गाळात बसतो, काठाला झुडपात अडकतो. त्यामुळं 'कोल्हापूरचं प्लास्टिक समुद्र बुडवतंय' असं कोणी छातीठोक सांगायला लागलं तर मी तरी मान हलवणार नाही.

पण समुद्रात पोचलं नाही म्हणजे विषय मिटला असं नाही ना. ते राहतं कुठं? आपल्याकडं नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, नाव आहे त्यांचं. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात, पाऊस सरला की परत घालतात. आठ महिने त्या बरग्यांच्या मागं केंदाळ (जलपर्णी) साठतं आणि केंदाळात काय काय असतं ते एकदा उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यात जाऊन बघा, पुड्या, दुधाच्या पिशव्या (कमी, ते का ते पुढं सांगतो), थर्माकोल, चपला, निर्माल्याच्या पिशव्या गाठ मारलेल्या तशाच. मग जूनमध्ये बरगे निघाले की हे सगळं एकदम पुढं सरकतं. आणि महापूर आला तर उलटं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये नदीनं आपलं आपल्याला परत आणून दिलं. शिरोळकडच्या उसात पाणी उतरल्यावर गेलो होतो, भंगार मिळेल म्हणून गेलो होतो खरं तर, पाहतो तर उसाच्या पात्याला, तारेच्या कुंपणाला पुड्या लटकलेल्या, माणसाच्या डोक्याच्या वर. त्यात मी छापलेले डिझाइन मला ओळखू येत होते. शेतकरी म्हणाला वेचायला मजूर कुठला परवडतोय, रोटर (माती भुसभुशीत करायचं यंत्र) मारतो. रोटर मारला की एका पुडीचे शंभर तुकडे, आणि मग ते मातीतनं काढायचं तंत्र कोणाकडं नाही.

तर नदीचं हे असं. तुमचा खरा समुद्र वेगळाच आहे आणि तो तुमच्या स्वतःच्या टेम्पोत बसलाय.

तुम्ही लिहिलंय माल कोकणात जातो. कणकवली, मालवण, राजापूर, रत्नागिरी असं गृहीत धरतो. कोल्हापूरचा भाजीपाला, किराणा, दूध रोज घाट उतरतं, त्यातच तुमच्या पुड्यांच्या माळा. मालवणात दुकानाबाहेर लटकणारी १० रुपयांची पुडी खाडीपासून किती लांब असते? चालत दहा मिनिटं. तिथल्या नद्या आपल्यासारख्या नाहीत, आखूड, उताराच्या, पाऊस आपल्या कितीतरी पट, मधे अडवायला मोठं धरण बऱ्याच ठिकाणी नाहीच. एका पावसाळ्यात पुडी समुद्रात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात हेच आलं, आधी समज होता की दहाबारा मोठ्या नद्याच समुद्रात सगळं प्लास्टिक नेतात, पण त्यात निघालं की नद्यांतनं जाणारं ८० टक्के प्लास्टिक हजारावर नद्यांतनं जातं आणि त्यात किनाऱ्याजवळच्या, वस्तीतनं वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा. त्याच अभ्यासात नद्यांतनं वर्षाला ८ ते २७ लाख टन असा अंदाज आहे. म्हणजे कारखाना कुठं आहे याला महत्त्व कमी, पुडी फाटते कुठं याला जास्त.

गगनबावड्याला गाडी थांबवून वडापाव खाल्लाय ना कधी? तिथं कठड्यावरनं रॅपर पश्चिमेला टाकला तर तो वाघोटणीच्या पाण्याबरोबर विजयदुर्गच्या खाडीत, आणि रस्त्याच्या अलीकडं पूर्वेला टाकला तर कुंभीतनं पंचगंगेत आणि पुढं आंध्राच्या वाटेला. एकाच पार्किंगमधनं दोन समुद्र. मी पोरांना हे नेहमी दाखवतो, पोरं म्हणतात बाबा आता वडा खाऊ द्या.

बरं, आता धंद्याचं बोलू. या सगळ्यात धंदेवाल्याची जबाबदारी नक्की कुठं सुरू होते? मला विचाराल तर पाऊचची ऑर्डर ज्या दिवशी देता त्या दिवशी. त्यानंतर जे काही करता, सर्टिफिकेट, किनारा सफाई, झाडं लावणं, ते सगळं मागाहून. आणि ऑर्डर देताना एकच प्रश्न विचारायचा, हे रिकामं झाल्यावर भंगारवाला उचलेल का?

हा प्रश्न साधा वाटतो पण कुठल्याही सल्लागाराच्या पीपीटीपेक्षा तो खरा आहे. कचरा वेचणारी बाई सकाळी पाच वाजता निघते, पाठीवर पोतं, तिला दिवसाला जास्तीत जास्त किती किलो आणि किलोला किती रुपये एवढंच बघायला परवडतं. पाण्याची बाटली साधारण २० ग्रॅमची, ५० उचलल्या की किलो. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, पॉलिथिन, मऊ, धुतली की चांगला दाणा पडतो, आपल्या आया-आज्या धुऊन वाळवून दोरीला लावायच्या आणि भंगारवाल्याला विकायच्या, २०१८ च्या नियमात तर तिला ५० पैसे परत द्यायची तरतूद होती. म्हणून केंदाळात दुधाची पिशवी कमी दिसते. आणि तुमची १० रुपयांची पुडी? एक ग्रॅम. हजार पुड्या वेचल्या तेव्हा किलो, त्यात आतनं तेल आणि तिखट लागलेलं, त्यात बाहेर एक प्लास्टिक, मधे चमकणारा थर, आत दुसरं प्लास्टिक, हे एकमेकांपासून सुटत नाही. माझ्या वॉशलाइनला हा माल कोणी फुकट आणून दिला तरी मी दारातनं परत पाठवतो, कारण तो दाण्यात मिसळला तर सगळा लॉट काळा आणि ठिसूळ. बाई उचलत नाही, मी घेत नाही, मग उरतो नाला.

आता तुमचाच हिशोब करून बघा, आकडे मी अंदाजानं धरतो, तुम्ही तुमचे घाला. पुड्या महिन्याला ५० हजार, प्रत्येकी १ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ६०० किलो. २०० ग्रॅमचे पाऊच महिन्याला १० हजार, प्रत्येकी ६ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७२० किलो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, किंबहुना पाऊचच जास्त. पण नग मोजा, पाऊच १ लाख २० हजार, आणि पुड्या ६ लाख. सरकारचा नियम किलोत मोजतो, नाला नगात मोजतो. हा फरक ज्याला कळला त्याला कुठं हात घालायचा ते कळलं.

नियमाचंही सांगून टाकतो कारण तिथंच तुम्हाला फिरवलं जातंय असं मला वाटतंय. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाचे नियम २०१६ चे, त्यात १६ फेब्रुवारी २०२२ ला ईपीआरची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. ईपीआर म्हणजे जेवढं प्लास्टिक बाजारात सोडलं तेवढं गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी सोडणाऱ्याची. त्यात पॅकिंगचे गट केलेत, पहिला कडक प्लास्टिक म्हणजे बाटल्या-डबे, दुसरा मऊ प्लास्टिक, ज्यात एकाच किंवा वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर येतात आणि नुसत्या प्लास्टिकच्या पुड्याही येतात, तिसरा ज्यात प्लास्टिकसोबत कागद किंवा फॉईलसारखं दुसरं काही चिकटवलेलं आहे, आणि चौथा कंपोस्ट होणारं. दरवर्षी रिसायकलिंगचा किमान टक्का वाढत जातो, दुसऱ्या गटाला २०२४-२५ ला ३० टक्के, २०२७-२८ ला ६० टक्के.

पण, आणि हा पण मोठा आहे, ब्रँडवाला जर सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल तर ही जबाबदारी त्याच्यावर येत नाही, ती त्याला पाऊच पुरवणाऱ्याकडं आणि त्याच्याही मागं सरकते. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा १०० कोटी उलाढाल आणि २५ कोटी गुंतवणूक अशी झालीय. ताई, तुमची उलाढाल १०० कोटी असती तर तुम्ही मला विचारत बसला नसता. तेव्हा 'नोंदणी केली नाही तर कारवाई होईल' असं म्हणून कोणी पैसे मागत असेल तर उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचं) त्याच्यासमोर ठेवा आणि कुठल्या कलमाखाली ते विचारा. पाऊच पुरवणाऱ्याकडनं मात्र त्याचा ईपीआर नोंदणी नंबर मागून घ्या आणि फायलीत लावा. तो टाळाटाळ करायला लागला तर पुरवठादार बदलायची वेळ आलीय असं समजा.

म्हणजे ईपीआरपुरत्या कायद्यानं तुम्ही मोकळ्या. पण चेनला ते उत्तर चालणार नाही, आणि खरं म्हटलं तर तुम्हालाही चालणार नाही, नाहीतर प्रश्न विचारलाच नसता.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत. ती व्यवस्था वाईट नाही, पैसा रिसायकल करणाऱ्याकडं यायला तोच एक रस्ता आहे आणि मीही त्यातनं चार पैसे कमावलेत. पण ते सर्टिफिकेट सांगतं की कुठंतरी, कोणीतरी, तेवढ्या वजनाचं त्या गटातलं प्लास्टिक प्रोसेस केलं. मालवणातली तुमची पुडी उचलली असं ते सांगत नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं तपासणी केली तेव्हा लाखांनी बनावट सर्टिफिकेटं सापडली होती, मशीनची क्षमता किती आणि कागदावर माल किती याचा मेळच नव्हता. कन्सल्टंटकडनं घ्यायचंच असेल तर प्लांट कुठला, त्याचं वीजबिल किती येतं हे विचारा. दाण्याच्या मशीनला वीज लागते, कागदाच्या मशीनला नाही.

आणि ते कासव. कृपा करून छापू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या-मोघम दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, 'समुद्रस्नेही', 'इको-फ्रेंडली' असले शब्द नुसते छापून चालत नाहीत, पुरावा आणि तपशील द्यावा लागतो. फॉईलच्या पुडीवर कासव म्हणजे खाटकाच्या दुकानावर बकरीचा फोटो. (तसे फोटो असतात म्हणा.)

कागदी पाऊचचं काय? कांदा-लसूण मसाल्यात तेल आहे, मीठ आहे, नुसता कागद दोन दिवसात पारदर्शक होईल. म्हणून जो 'कागदी' पाऊच तुम्हाला दाखवला असेल त्याच्या आत प्लास्टिकचा किंवा फॉईलचा थर आहेच. नखानं कोपरा सोलून बघा. म्हणजे तो सरळ तिसऱ्या गटात गेला, कागदवाला घेत नाही कारण प्लास्टिक, प्लास्टिकवाला घेत नाही कारण कागद. दिसायला गावरान, वागायला सगळ्यात वाईट. मक्यापासून बनवलेल्या कंपोस्टेबल पाऊचचं पण तेच, तो कुजायला गरम, ओलसर, सांभाळलेला कंपोस्टचा ढीग लागतो, समुद्राच्या गार पाण्यात नाहीतर बंधाऱ्याच्या गाळात तो साध्या प्लास्टिकसारखाच पडून राहतो, आणि चुकून माझ्या भंगारात आला तर दाण्याचं वाटोळं.

मग करायचं काय. २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅमला एकाच जातीच्या प्लास्टिकचा पाऊच करा, म्हणजे बाहेरचा आणि आतला थर दोन्ही पॉलिथिन, किंवा दोन्ही पीपी (पॉलिप्रॉपिलीन). दिसायला थोडा फरक पडतो, चकाकी जरा कमी, पण धुऊन दाणा पडतो. हे सांगायला सोपं आहे, करताना मी स्वतः तोंडावर पडलोय, ते ऐका. एका चटणीवाल्याला उत्साहानं पूर्ण पॉलिथिनचा पाऊच दिला. पहिल्या दिवशी त्याच्या मशीनच्या जॉवर (सील मारणाऱ्या गरम जबड्यावर) बाहेरचा थरच चिकटायला लागला, कारण आधीच्या पाऊचला बाहेरनं पॉलिएस्टर होतं, ते गरमीला दाद देत नाही, पॉलिथिन वितळतं. टेम्परेचर उतरवलं तर सील सुटायला लागलं, मशीनचा स्पीड कमी केला तेव्हा कुठं बसलं. ते निस्तरलं तर एप्रिल-मे मध्ये शेंगदाणा चटणी खवट झाली आणि ४० पेट्या परत. साध्या पॉलिथिनमधनं हवा आत जाते हे मला पुस्तकातनं माहीत होतं, पण त्याची चटणी सहा-सहा महिने दुकानात पडून असते हे मी विचारलंच नव्हतं. नुकसान अर्धं मी सोसलं. आणि नीट विचार करा, खवट झालेली चटणी टाकून दिली म्हणजे शेंगदाणा पिकवण्यापासूनचं सगळं पाणी-वीज-घाम वाया, त्यापुढं ६ ग्रॅम प्लास्टिकची बचत काहीच नाही.

तेव्हा बाहेरच्या थराला ताणलेलं, गरमी सोसणारं पॉलिथिन मागा, मधे हवा अडवणारा अगदी पातळ थर देतात तो घ्या (तो ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर रिसायकलिंगला अडत नाही), जॉवर टेफ्लॉनची पट्टी लावा, आणि मसाला भरताना भुकटी सीलमध्ये येतेय का ते बघा, निम्मी लीकेज त्यानंच होतात आणि शिव्या पाऊचवाल्याला बसतात. पाकिटावरची मुदत १२ महिने कशाला लिहिताय? तुमचा माल तीन महिन्यात खपतो असं तुम्हीच लिहिलंय. मुदत सहा महिने केली की एवढा जड थर लागतच नाही. पॅकिंगमधला निम्मा जाडपणा हा भीतीचा असतो. आणि मसाल्याला लागणाऱ्या थरात रिसायकल दाणा घालायच्या भानगडीत पडू नका, खाण्याच्या वस्तूला त्याचे नियम कडक आहेत, तो बाहेरच्या मोठ्या पिशवीला, पेटीवरच्या कव्हरला वापरा, तिथं खुशाल घाला.

आता पुडी. इथं मी गोड बोलणार नाही. पुडीला चांगलं मटेरियल हा उपाय नाही, एक ग्रॅमची पुडी कुठल्याही जातीची असली तरी ती बाई वाकून उचलणार नाही. पुडी कमी करणं हाच उपाय आहे आणि त्यात विक्री जाते हे मला माहीत आहे, रोज शंभर रुपये कमावणारं घर २०० ग्रॅमचा पाऊच घेऊ शकत नाही, त्यांना दोष देणारा मी कोण. पण तुमच्या पुड्या घेतंय कोण हे दुकानात उभं राहून एकदा बघा. माझा अंदाज, कोकणात निम्म्या पुड्या पर्यटक आणि हॉटेल-खानावळवाले घेतात. खानावळवाल्याला पुडी कशाला? त्याला ५ किलोचा डबा द्या, डबा परत घ्या, टेम्पो तसाही घाट चढताना रिकामा येतो. तिथंच पुड्यांची संख्या ढासळेल. जी घरं खरोखर १० रुपयाचंच घेतात तिथं पुडी राहू द्या, बरणीतनं सुट्टा विकायच्या भानगडीत पडू नका, मसाल्याची पूड पॅकबंदच विकायचा नियम आहे आणि सुट्ट्या मसाल्यात भेसळ झाली तर नाव तुमचं जातं. सुरुवात कोकणपट्टीपासनं करा, कोल्हापूर शहर नंतर. कारण मघाशी सांगितलं तेच, तिथं पुडी फाटली की समुद्र दहा मिनिटांवर.

आणि एक गोष्ट जी आपल्या नाकाखाली आहे. मार्च-एप्रिलला आपल्याकडं बायका मिरची निवडून, खोबरं-तीळ-कांदा भाजून डबे घेऊन डंकावर जातात आणि वर्षाचा मसाला कुटून आणतात. एक ग्रॅम प्लास्टिक नाही. तुमच्या शेडमध्ये यंत्रं आहेतच, आईच्या हातचं माप आहे, सीझनला 'तुमची मिरची-खोबरं आणि डबा आणा, आमच्या मापानं मसाला कुटून घेऊन जा' असं सुरू करा, कुटणावळ किलोला पाच-दहा रुपये कमी घ्या. कोल्हापुरात याला जाहिरात लागणार नाही. मोठ्या ब्रँडांना हे जमणं अवघड आहे, तुम्हाला जमेल.

रिकामे पाऊच परत घेण्याची योजना बरेच जण काढतात. माझा अनुभव, गिऱ्हाईक आणून देत नाही, दुकानदार जागा देत नाही. चालतं कुठं, तर जिथं तुमचीच गाडी नियमित जाते आणि जिथं एकाच ठिकाणी पुष्कळ माल रिकामा होतो, म्हणजे परत हॉटेल, मेस, आश्रमशाळा. तिथं एक पोतं ठेवून या. जे जुने फॉईलवाले पाऊच गोळा होतील ते माझ्यासारखा घेणार नाही, ते सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळतात, तिथं चौदाशे डिग्रीच्या वर आच असते. हे रिसायकलिंग नाही, विल्हेवाट आहे, तसंच म्हणा. आणि अशा भट्ट्या आपल्या जिल्ह्यात नाहीत, उत्तर कर्नाटकात आहेत, त्यामुळं गठ्ठा बांधून, वाळवून, ट्रक भरेल इतका माल जमल्याशिवाय भाडं परवडत नाही, एकट्याचं काम नव्हे, चार मसालेवाले-फरसाणवाले मिळून करा.

चेनला काय लिहून द्यायचं ते सांगतो. कासव नाही, नुसते आकडे. गेल्या वर्षी आम्ही इतके किलो आणि इतके नग पॅकिंग बाजारात सोडलं, त्यातलं इतकं एकाच जातीचं, इतकं फॉईलवालं, इतक्या पुड्या. पुढच्या वर्षी कोकणात पुड्या इतक्यानं कमी करणार. पाऊच पुरवठादाराचा ईपीआर नंबर हा. बस. असं एक पान त्यांना क्वचितच कोणी देत असेल, सगळे हिरवी पानं आणि डॉल्फिन पाठवतात. त्यांच्या ऑडिटवाल्यालाही आकडेच लागतात, कारण शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो आणि त्याचा धागा खाली खाली पुरवठादारांपर्यंत येतोय. फौंड्रीवाल्या मित्रांना गाड्यांच्या कंपन्यांकडनं असेच कागद यायला लागलेत.

शेवटी पैशाचं, कारण तुम्ही ते विचारायला लाजलात. एका जातीचा पाऊच आज महाग पडतो, किती ते रोलच्या क्वांटिटीवर आहे, पण खरी मेख छपाईच्या सिलिंडरात असते. प्रत्येक रंगाला एक सिलिंडर. पाऊचचं माप तेच ठेवलं तर जुने सिलिंडर बऱ्याचदा चालतात, फक्त रंगाची छटा परत जुळवावी लागते. डिझाइनरनं कासवासाठी नवं आर्टवर्क काढलं असेल तर ते थांबवा, आठाचे पाच रंग करा आणि वाचलेला पैसा चांगल्या फिल्मला लावा.

घाईनं पूर्ण ऑर्डर देऊ नका. पुरवठादाराकडनं न छापलेला १० किलोचा ट्रायल रोल मागा, तुमच्याच मशीनवर भरा, २० पाऊच शेडच्या पत्र्याखाली माळ्यावर ठेवा जिथं मे महिन्यात हात लावता येत नाही, २० घरात सावलीत. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन फोडायचे आणि वास आईला घ्यायला लावायचा, तुम्ही नाही, तुमच्या नाकाला रोज मसाला असतो. पावसाच्या पहिल्या महिन्यात गाठी होतायत का तेही बघा. ते झालं की मला सांगा, कुठल्या मापाच्या सिलिंडरवर बसेल ते बघू.